काड्यापेटीतली अक्षरं

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि कपाटात शैक्षणिक साहित्याच्या दोन पेट्या. प्लॅस्टिकची अक्षरं, काना-मात्रांच्या पट्ट्या, चित्रांचे तक्ते, सगळं नवंकोरं. डेडस्टॉक रजिस्टरला त्यांची नोंद होती. तपासणीच्या दिवशी ते सगळं टेबलावर मांडलं जायचं आणि संध्याकाळी मोजून परत आत जायचं. एखादं अक्षर हरवलं तर भरून कोण देणार, असा सरांचा प्रश्न. तेव्हा तो मलाही रास्त वाटायचा.

त्याच शाळेत तिसरीला एक मुलगी होती. गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, त्यात तिचं घरही. बाराखडी तिला घडाघडा पाठ. एके दिवशी मी फळ्यावर नुसतं 'की' लिहिलं आणि विचारलं, हे काय? ती पहिल्यापासून म्हणू लागली, क, का, कि, की, आणि चौथ्या पायरीवर थांबून म्हणाली, "की, बाई." मग मी 'मू' लिहिलं. ती पुन्हा म पासून निघाली. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. तिला फक्त जिना चढता येत होता, आणि दरवेळी तळापासूनच. दोन वर्षं मी तिला मठ्ठ समजत होते आणि पेट्या कपाटात होत्या.

साहित्य बनवावं कसं यावर शिक्षकांच्या बैठकांत पुष्कळ बोललं जातं. ते ठेवावं कुठे आणि कसं, यावर फारसं कोणी बोलत नाही. मला तर अनुभवाने असं वाटू लागलंय की ठेवण्याची रीत हाच निम्मा धडा असतो. म्हणून आज तेवढ्यावरच बोलते.

ही रीत मला सुचली ती कुठल्या प्रशिक्षणात नाही, तालुक्याच्या गावी एका छापखान्यात. एका कार्यक्रमाची पत्रिका छापायला गेले होते. खिळे जुळवणारे एक वयस्कर गृहस्थ समोरच्या खणांच्या घोडीकडे न बघता भराभर खिळे उचलत होते. मी विचारलं, काका, हे क, ख, ग असं ओळीने लावलेलं आहे का? ते हसले. म्हणाले, "बाई, ओळीने लावलं तर दिवसभर हात फिरवत बसावं लागेल. ज्याचं काम जास्त, तो हाताशी आणि मोठ्या खणात. ज्याला वर्षातून एकदा बोलवायचं, तो वरच्या कोपऱ्यात." तो छापखाना पुढे संगणक आल्यावर बंद झाला. त्या खणांचं काय झालं कोण जाणे. पण मी घरी आले ती काड्यापेट्या जमवण्याचा विचार करतच.

दुकानदाराला सांगून ठेवलं, मुलांना सांगितलं, आणि दोन महिन्यांत शे-दीडशे रिकाम्या काड्यापेट्या जमल्या. एकमेकींना चिकटवून त्यांचं खणांचं कपाट झालं. प्रत्येक खणाला ओढायला मणी, आणि बाहेर अक्षर. पहिली चूक मी चिकटवण्यातच केली. मैद्याची खळ वापरली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदरांनी अर्धी वर्णमाला खाल्ली. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विष. लहान मुलांच्या हाताशी नको. त्यामुळे दुसऱ्यांदा फेव्हिकॉल.

आता खणांत काय आणि किती? सगळी अक्षरं दोन-दोन ठेवली तर खेळ पाच मिनिटांत अडतो. 'बाबा' लिहायलाच दोन ब आणि दोन काने लागतात. र, त, न, ल, क, स, म यांच्या मी सहा-सहा पट्ट्या केल्या, काना दहा. ठ, ढ, छ यांच्या दोन-दोन. ङ आणि ञ मी केलेच नाहीत. सुटे वापरायची पाळी पहिलीत येत नाही, पाचवीतही क्वचितच. ते तक्त्यावर शोभतात, तिथेच असू देत.

क्रमही वर्णमालेचा नाही. ग, म, भ, न ही चौकडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की 'गमभन' म्हणजेच अक्षरओळख असा अर्थ होऊन बसला. वळण सारखं, म्हणून शेजारी. लिहायला हे सोयीचं आहे. वाचायला मात्र म आणि भ एकाच दिवशी देणं मला धोक्याचं वाटतं. दोघांत फरक काय, तर शिरोरेषा तुटलेली की अखंड. घ आणि ध यांच्यातही तेच. म्हणून मी पहिल्या खेपेला आकाराने आणि आवाजाने लांबची अक्षरं घेते: क, म, र, ल, स आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. पाच अक्षरं आणि एक काना एवढ्यावर मुलं 'काका', 'मामा', 'मासा', 'साल', 'कमाल' वाचतात. पहिल्याच आठवड्यात शब्द वाचता येतो, हे मुलाला कळायला हवं. भ येतो तो म चांगला मुरल्यावर.

म्हणूनच पट्टीवरचं अक्षर शिक्षकाने स्वतः नीट काढावं. घाईत काढलेल्या भ ची शिरोरेषा जोडली गेली की त्याचा म झाला. ख चे पाय खाली जोडलेले नसले की तो 'रव' वाचला जातो आणि मूल 'खाणे'ला 'रवाणे' म्हणतं. चूक मुलाची नसते.

रंगांचंही एक सांगते. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या सुट्या अक्षरांच्या पेटीला असेच खण असत आणि स्वर एका रंगात, व्यंजनं दुसऱ्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर दाखवून दिलं की महागड्या साधनांची गरज नाही, परिसरात आहे त्यातूनच साधन होतं. मी दोन्हीकडून घेतलं. लग्नपत्रिकांचा जाड कागद, व्यंजनं काळी, काना-मात्रा-वेलांट्या लाल. लाल रंगाचा फायदा असा की मुलाला डोळ्यांनी दिसतं, अक्षर तेच राहिलं, लाल तेवढं बदललं. 'की' आणि 'मी' यांतली दुसरी वेलांटी एकच आहे, हे त्या जिना चढणाऱ्या मुलीला असं हातात धरल्यावर कळलं. ती म्हणाली, "ही तर तीच हाय की!"

पहिल्या वेलांटीने मात्र मला छळलं. कानाला आधी क ऐकू येतो आणि मग इ. डोळ्याला वेलांटी आधी दिसते. मुलं कानाचं ऐकतात आणि पट्टी अक्षराच्या उजवीकडे ठेवतात, मग ती पुढच्या अक्षराला चिकटते. शेवटी मी वेलांटीची पट्टी रुंद केली आणि तिच्या उजव्या अंगाला अक्षराएवढी खिडकी कापली. अक्षर त्या खिडकीत बसलं की वेलांटी आपोआप जागेवर. रफाराला अशीच वरून बसणारी टोपी केली. तरी 'चक्र'मधला, 'राष्ट्र'मधला आणि 'तऱ्हा'मधला र एकच, हे पटवायला दुसरीचं निम्मं वर्ष जातं. त्याला पट्टीचा उपाय मला सापडलेला नाही.

चित्रांबद्दल थोडं. 'अ अननसाचा' आमच्याकडे चालत नाही, कारण अननस पाहिलेला नाही. 'औ औताचा' मात्र एकदम चालतो; शहरातल्या शाळेत उलट असेल. ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाही, तिथे बाण आणि बाळ घ्यावेच लागतात, आणि "शेवटी काय ऐकू आलं?" असं विचारावं लागतं. च आणि ज यांचे तर दोन-दोन आवाज. 'चार' आणि 'चारा' म्हणून पाहा. 'हे जग' आणि 'शंभर वर्षं जग' यांतला ज म्हणून पाहा. अक्षर एक, आवाज दोन. म्हणून या दोन खणांत मी चित्रांचे दोन कप्पे केले. मुलं चित्र बघून शब्द मोठ्याने म्हणतात आणि योग्य कप्प्यात टाकतात. चाक इकडे, चांदी तिकडे. त्यांना हे नियम म्हणून सांगावं लागत नाही; जन्मापासून ती हे बोलतच आहेत.

ण आणि न यांचं तसं नाही. आमची बरीच मुलं घरी 'पानी' आणि 'लोनी' म्हणतात. मी त्याला अशुद्ध म्हणणं सोडलं. भिंतीवर दोन पिशव्या लावल्या, एक घरच्या बोलीची, एक पुस्तकाची. 'पानी' पहिल्या पिशवीत, 'पाणी' दुसऱ्या. आपलं बोलणं फळ्याजवळ पिशवीत मानाने ठेवलेलं दिसलं की मूल पुस्तकातला शब्द शिकायला लाजत नाही. एरवी ते गप्पच बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला शुद्धलेखन शिकवता येत नाही.

शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. शासनाने त्यांतले चौदा १९६२ साली आणि आणखी चार १९७२ साली मान्य केले. ते अठराही पाठ असलेले शिक्षक मी पाहिलेत आणि त्यांची मुलं 'फुल' लिहितात. मी पत्र्याचे तीन डबे ठेवते. पहिल्यात खीर, वीट, फूल, ऊस. दुसऱ्यात किडा, विळी, चिकू, सुरू. मुलांना सांगायचं, या नव्या पंधरा पट्ट्या यांच्या-यांच्या सोबत्यांकडे सोडा. तीन-चार दिवस चुकतात, मग कोणीतरी ओरडतं की पहिल्या डब्यात शेवटी साधं अक्षर आहे आणि त्याच्या आधीचं लांब, दुसऱ्यात शेवट लांब म्हणून आधीचं आखूड. तोच तो नियम, पण त्यांनी शोधलेला. तिसरा डबा पाहुण्यांचा: गुण, विष, मधुर, मंदिर. हे संस्कृतातून जसेच्या तसे आले, त्यांना आपल्या घरचे नियम लावायचे नाहीत. पाहुण्यांचा डबा मुलांना फार आवडतो.

आणि हे सगळं मुलांच्या हाताच्या उंचीवर, कुलपाशिवाय. प्रत्येक पट्टीच्या मागे खणाचा आकडा, म्हणजे जमिनीवर सापडलेली पट्टी पहिलीचं मूलसुद्धा घरी पोचवतं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटं आवराआवर. हरवलेल्यांसाठी एक वेगळी काड्यापेटी आणि नव्या पट्ट्यांसाठी कोरा कागद. पट्ट्या हरवतातच. डेडस्टॉकला त्यांची नोंद नाही, म्हणून मला झोप लागते. २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली, तेव्हा मुलांनीच दोन खण वाढवून घेतले. बॅट आणि बॉल त्यांना आधीपासून हवेच होते.

राहिली ती मुलगी. त्या वर्षी दिवाळीनंतर ती निघाली तेव्हा मी तिच्या आईकडे एक कापडी पिशवी दिली. आत सुटी अक्षरं, लाल पट्ट्या, आणि तिला येणाऱ्या शब्दांची एक यादी. आई म्हणाली, "बाई, कोपीवर कुठं सांभाळायची ही? पाचटात जायची." मी म्हटलं, जाऊ द्या, पण न्या.

एप्रिलमध्ये ती परत आली. पिशवीत निम्मी अक्षरं नव्हती. पण खताच्या गोणीच्या तुकड्यांवर कोळशाने काढलेली पाच-सहा नवी होती. मी तिला 'ऊस' लावायला सांगितलं, तिने दीर्घ ऊ शोधून लावला. मग 'उसाचा' सांगितलं. तिने ऊ हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि पिशवीत टाकून दिला. मग गोणीच्या तुकड्यावरचा ऱ्हस्व उ काढून लावला. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पुढं सा आलाय, मग याला आखूड व्हावं लागतंय."

आता दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही जाणाऱ्या मुलांसाठी पिशव्या भरतो. मागच्या वर्षी नऊ होत्या. र आणि काना जास्तीचे घालतो, कारण तेच सगळ्यांत आधी हरवतात, आणि बरोबर कोऱ्या पुठ्ठ्याचे दहा तुकडे.