गिरणी बंद, समुद्र चालू

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला एक टोमणा जन्मभर ऐकावा लागतो : 'तुमचं काय बुवा, तुम्हाला सुट्ट्याच सुट्ट्या!' मीही तो ऐकला, हसलो आणि पुढच्या चेकवर सही केली. पण टोमणा मारणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. साहेबाच्या देशात सर्वसामान्य माणसाला समुद्रावर नेणारी हक्काची सुट्टी आली ती बँकेच्याच दारातून.

सर जॉन लबक नावाचे एक गृहस्थ होते. पिढीजात बँकर, पार्लमेंटचे सभासद आणि फावल्या वेळात मुंग्या व मधमाश्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. चार्ल्स डार्विनचे ते शेजारी. १८७१ साली त्यांनी 'बँक हॉलिडे'चा कायदा पार्लमेंटकडून मंजूर करून घेतला. 'मजुरांना सुट्टी द्या' असे ते म्हणते, तर विधेयक दारातच अडले असते. त्यांनी एवढेच म्हटले की, वर्षातल्या अमुक चार दिवशी बँका बंद राहतील आणि त्या दिवशी मुदत भरणाऱ्या हुंड्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत. आता हुंडी वटत नाही म्हटल्यावर पेढ्या कशाला उघडायच्या? पेढ्या बंद, तर दुकाने कशाला? ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मिळणाऱ्या सुट्टीला तर लोक कौतुकाने 'संत लबकचा दिवस' म्हणू लागले. बँकरला संतपद मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

दहा वर्षांनी, १८८१ साली, आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला. त्याच्या पंचविसाव्या कलमातही सार्वजनिक सुट्टी आहे. मात्र तिथे एक गंमत आहे. सुट्टीच्या दिवशी मुदत भरत असेल, तर पैसे द्यायचे आदल्या कामाच्या दिवशी! इंग्लंडातल्या ऋणकोला सुट्टीने एक दिवस जास्त दिला, आपल्या ऋणकोचा एक दिवस कमी केला. असो.

मुद्दा असा की, हाती आलेल्या मोकळ्या दिवसाचे इंग्रज माणसाने काय केले? तो आगगाडीत बसला आणि समुद्रावर गेला. आणि लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांतला माणूस गेला तो ब्लॅकपूलला.

भोंगा थांबला की

ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे, आयरिश समुद्राकाठचे गाव. १८४६ साली तिथे रेल्वे पोचली आणि पाठोपाठ ओल्डहॅम, बोल्टन, बर्नली, ब्लॅकबर्न इथले गिरणी कामगार पोचले. त्यांची सुट्टी लबकसाहेबांच्या कायद्याहून जुनी होती. 'वेक्स' नावाची गावदेवाच्या जत्रेसारखी प्रथा होती, तिचेच पुढे गिरणीच्या सुट्टीत रूपांतर झाले. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. मालक बॉयलर साफ करून घेई, यंत्रांची डागडुजी करी, आणि अख्खे गाव गाठोडी बांधून स्टेशनवर हजर होई. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर एकामागून एक गावे येत राहिली. शेजारी बदलला नाही, फक्त त्याचा पत्ता आठवडाभर समुद्राकाठचा झाला!

पण ही सुट्टी बिनपगारी होती. गिरणी बंद म्हणजे मजुरी बंद. मग खर्चाचे काय? त्यासाठी 'गोइंग ऑफ क्लब' असत, म्हणजे आपल्या भिशीची चुलत बहीणच म्हणा. वर्षभर दर आठवड्याला चार पेन्या टाकायच्या आणि निघायच्या आधी रक्कम एकदम उचलायची. आवर्ती ठेव म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे समजावून सांगितले. ओल्डहॅमच्या साचेवाल्याला ते सांगावे लागले नसते.

पैसा असा घामाचा म्हटल्यावर तो जपून खर्च होणार. राहायचे ते खाणावळवाल्या बाईंच्या घरी. पुष्कळ ठिकाणी पद्धत अशी की, शिधा पाहुण्यांनी आणायचा आणि बाईंनी शिजवून द्यायचा. खोलीचे भाडे वेगळे आणि मीठ-मिरपूड टेबलावर ठेवण्याचा आकार वेगळा! या मीठ-मिरपुडीच्या आकारावर इंग्रज विनोदवीरांनी दोन पिढ्या पोट भरले.

सहा पेन्सांचा मनोरा

१८६३ साली नॉर्थ पिअर उभा राहिला. पिअर म्हणजे समुद्रात दूरवर गेलेला लोखंडी खांबांवरचा धक्का. बोटीत न बसता भरसमुद्रात फिरून आल्याचे समाधान देणारा. तो बऱ्या परिस्थितीतल्या लोकांसाठी. पाच वर्षांनी सेंट्रल पिअर झाला, तिथे उघड्यावर नाच-गाणे असे, तो कामकरी लोकांचा. १८९३ साली तिसराही झाला.

नगरपालिकाही मोठी हुशार. १८७९ साली तिने शहराच्या जाहिरातीसाठी घरपट्टीतून पैसा उभारण्याचा अधिकार कायद्याने मिळवला. त्याच वर्षी किनाऱ्यावर विजेचे आठ कमानी दिवे लावले. घराघरांत तेव्हा मेणबत्ती नाहीतर गॅसचा दिवा. लोक वीज पाहायला लोटले. १८८५ साली विजेची ट्राम आली, ती आजही किनाऱ्याने धावते. दिव्यांचे पुढे 'इल्युमिनेशन्स' झाले. उन्हाळा सरला तरी गिऱ्हाईक टिकावे, ही त्यामागची युक्ती. आज सुमारे दहा किलोमीटर लांब रस्त्यावर दहा लाखांहून जास्त दिवे लागतात आणि पाहायला तिकीट नाही.

महापौर जॉन बिकरस्टाफ १८८९ साली पॅरिसचे प्रदर्शन पाहून आले, ते आयफेल टॉवर डोक्यात घेऊनच. १४ मे १८९४ रोजी ब्लॅकपूलचा मनोरा खुला झाला. उंची १५८ मीटर. आत जायला सहा पेन्स, वर जायला आणखी सहा आणि सर्कशीला आणखी सहा. मनोऱ्याच्या चार पायांच्या मध्ये सर्कशीचे रिंगण आहे. खेळाच्या शेवटी ते खाली उतरते आणि बघता बघता पाण्याने भरून त्याचा तलाव होतो. जनावरांचे खेळ तिथे १९९० नंतर बंद झाले.

याच मनोऱ्याच्या पोटात नाचाचा भव्य दिवाणखाना आहे. फ्रँक मॅचम या नाट्यगृहे बांधण्यात हात बसलेल्या वास्तुविशारदाने १८९९ साली तो सजवला. छताला चित्रे, सोनेरी सज्जे, झुंबरे आणि पायाखाली महोगनी, ओक व अक्रोडाच्या ३०,६०२ लाकडी ठोकळ्यांची जमीन. वुर्लित्झर कंपनीचा ऑर्गन अजून वाजतो. रेजिनाल्ड डिक्सन हे वादक १९३० पासून १९७० पर्यंत तिथे ऑर्गन वाजवत. एरवी राजवाड्यात दिसावे असे हे वैभव सूत काढणाऱ्या, माग चालवणाऱ्या पोरी-पोरांसाठी होते. आजही दुपारी चहाच्या वेळी पांढऱ्या केसांची जोडपी तिथे हातात हात घालून, कुणाकडे न बघता संथ फिरत असतात. नवख्याला आधी हसू येते, मग ते हसू आपोआप मावळते.

लहान मुलांना वेगळे सांगायला नको. प्लेझर बीच या १८९६ पासूनच्या करमणूक बागेत 'बिग वन' हा १९९४ सालचा झुलता आगगाडा आहे. सुरू झाला तेव्हा तो जगात सर्वांत उंच होता. इथेच १९०४ साली सर हिराम मॅक्सिम यांनी आपले उडते पाळणे बसवले. मशीनगन शोधणारे ते हेच. एकाच डोक्यातून माणसे मारण्याची आणि मुले हसवण्याची, अशी दोन्ही यंत्रे निघाली!

वाळूत गाढवावरची रपेट हाही जुना शौक. या गाढवांसाठी नगरपालिकेने १९४२ साली नियम केले : दुपारी जेवणाची एक तास सुट्टी आणि शुक्रवारी साप्ताहिक रजा. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला २०१५ साली. यावर अधिक भाष्य नको.

घरी न्यायची खूण म्हणजे 'रॉक' नावाची गुलाबी साखरकांडी. कुठूनही तोडा, आत 'ब्लॅकपूल' ही अक्षरे दिसतात. कारागीर रंगीत साखरेची मोठमोठी अक्षरे रचून जाड लोळा करतो आणि तो गरम असतानाच ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतो. अक्षरे लहान होतात, पण पुसली जात नाहीत.

धागा आपल्यापर्यंत

वाचक विचारतील, या साऱ्याशी आपला संबंध काय? संबंध कापसाचा आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरमधल्या चुली विझल्या. नॉर्थ पिअरचे उद्‌घाटन झाले ते या दुष्काळाच्या ऐन मध्यात. त्याच वेळी आपला कापूस चढ्या भावाने तिकडे जात होता आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या व बँकाही. एका किनाऱ्याची ओहोटी ती दुसऱ्याची भरती, हा हिशेब तेव्हापासूनचा.

पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तसे मँचेस्टरचे मालक अस्वस्थ झाले. मुंबईच्या मजुरांना कामाचे तास मर्यादित हवेत, अशी कळकळ त्यांना वाटू लागली. कळकळीत स्पर्धेची भीती मिसळलेली होती, हे उघड आहे. पण मजुरांसाठी खरा झगडला तो आपलाच माणूस, नारायण मेघाजी लोखंडे. सातही दिवस राबणाऱ्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, त्यांच्या चळवळीमुळे. सभा, अर्ज, सह्या, पुन्हा सभा, असा तो बराच लांबचा रस्ता होता.

इंग्लंडमधल्या कामगारालाही पगारी सुट्टी सुखासुखी मिळाली नाही. तसा कायदा झाला १९३८ साली. त्याआधी १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन इथे गेले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या अडचणीत भर पडली होती, तरी गिरणीतल्या बायांनी त्यांचे हसून स्वागत केले. दारिद्र्य म्हणजे काय, हे दोन्हीकडे ठाऊक होते.

आता लँकेशायरच्या गिरण्या इतिहासजमा झाल्या आहेत आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावातलेही भोंगे एकेक करून थांबले. स्वस्त विमानाने इंग्रज स्पेनच्या उन्हात जाऊ लागला, तशी ब्लॅकपूलची रया गेली. २०१९ च्या सरकारी पाहणीत हा भाग इंग्लंडमधला सर्वाधिक वंचित ठरला. झगमगत्या रस्त्यामागच्या गल्लीत शिरले की, जुन्या खाणावळींच्या घरांत एकेका खोलीत राहणारी माणसे दिसतात. पर्यटनपुस्तिकेत ही गल्ली नसते.

तरीही लेकीकडे, मुलाकडे मँचेस्टरला जाणाऱ्या आई-वडिलांना मी आवर्जून ब्लॅकपूल सुचवतो. आगगाडीने सव्वा-दीड तासाचा रस्ता. स्वेटर आणि वारा अडवणारा कोट घ्यावा, छत्रीचा भरवसा धरू नये. लंडनचे राजवाडे राजांनी बांधले, त्यात आपण पाहुणे. इथला दिवाणखाना साचेवाल्यांच्या सहा-सहा पेन्सांवर चालला, तिथे आपण थोडेसे घरचे.

आणि वाचकहो, ही पुरवणी आपण आज चहाबरोबर निवांत वाचत आहात, कारण आज रविवार आहे. तो पंचांगात पहिल्यापासून होता. सुट्टीच्या यादीत मात्र तो कुणीतरी भांडून आणला आहे.