रक्तांतील पूर्वसूचना

२०२० सालीं औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरांत, कोरोनाची साथ आली, तेव्हां घाटी रुग्णालयांतील रक्ततपासणीकडे घरोघरींचे डोळे लागत. सीआरपी अंगांतील दाह सांगे. डी-डायमर रक्त गोठत असल्याची खूण देई. एकट्या आंकड्यापेक्षां त्याचें दिवसागणिक चढणें अधिक भयसूचक.

त्याच वर्षीं झेबर्ग व पेबो या संशोधकांनीं दाखविलें कीं, हा आजार बळावण्याचा धोका वाढविणारा तिसऱ्या गुणसूत्रावरील एक तुकडा निअँडरथल मानवाकडून आलेला आहे. दक्षिण आशियांत तो सुमारें निम्म्या लोकांत आढळतो. गोत्र-प्रवर मुखोद्गत असलेल्या आम्हांस हा पूर्वज मात्र ठाऊक नव्हता!

तथापि, आमच्या मतें, हा कांहीं मरणाचा हुकूम नव्हे. तो तुकडा बाळगणारेही बहुतेक बरेच झाले. वयाचें वजन त्याहून कितीतरी मोठें. डॉक्टर आधीं वय विचारीत, तें उगाच नव्हे.