मिनिटाला दोन हजार

मी त्या डिस्टिलरीत गेलो, तो युरियाच्या पोत्यांमुळे. घनसावंगी तालुक्याचा गोदाकाठ उसाचा. जांब समर्थला देवदर्शन, तीर्थपुरीला साखर कारखाना, आणि हंगामात रस्ताभर ट्रॉल्या. त्याच पट्ट्यातल्या एका डिस्टिलरीच्या फाटकाआत युरियाची थप्पी दिसली. शेतातलं खत इथं कशाला?

काम सांगायला सोपं आहे. मळीत पाणी मिसळायचं, वाढवलेलं यीस्ट सोडायचं, ते साखरेचं अल्कोहोल करतं, मग ऊर्ध्वपातन. वेळ जातो तो फर्मेंटरपाशी. तिथं एक मामा भेटले, फर्मेंटरवरच केस पिकलेले. "वर या, पण तोंडाशी वाकू नका, गॅस लागतो," म्हणाले. आंबूस-गोड वासानं नाक झोंबलं. मामांनी फेसाकडे एक नजर टाकली, टाकीच्या पत्र्याला तळवा लावला आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा वेढा आणखी सोडला. थर्मामीटर त्यांनी नंतर पाहिलं.

लॅबमधला एमएस्सी झालेला पोरगा तोवर काच तयार करून बसला होता. मेथिलिन ब्लूचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत बिनरंगी राहतात. एका बिनरंगी पेशीच्या अंगाला बारीकसा कोंब फुटला होता. "सर, जोमात असली की अशी एक पेशी मिनिटाला दोन हजार रायबोसोम बनवते, म्हणजे प्रथिनं घडवणारी यंत्रं," तो म्हणाला. जोनाथन वॉर्नर यांनी १९९९ साली मांडलेला हा हिशेब. मिनिटाला दोन हजार! पेशीत असे सुमारे दोन लाख रायबोसोम असतात आणि प्रत्येकात ७९ प्रथिनं, आरएनएचे चार रेणू. ही जुळणी करायलाच दोनशेच्या वर सहायक प्रथिनं लागतात, आणि जुळणी झाली की ती बाजूला होतात.

पण रायबोसोम तयार झाला म्हणजे काम सुरू झालं असं नाही. कारखाना कितीही मोठा असो, गव्हाणीत मोळी पडल्याशिवाय रस निघत नाही. इथं मोळी टाकणारी प्रथिनं वेगळी. ईआयएफ-२ पहिलं अमिनो आम्ल घेऊन येतं. ईआयएफ-४ गटातली प्रथिनं एम-आरएनएचं, म्हणजे प्रथिनाचा आराखडा असलेल्या रेणूचं, टोक पकडून रायबोसोमला तिथं आणतात. मग सुरुवातीची खूण शोधत तो पुढं सरकतो. साखळी वाढू लागली की ईईएफ-१ए नवं अमिनो आम्ल आणतं, ईईएफ-२ एक पाऊल पुढं ढकलतं. यीस्टला यावर तिसरं लागतं, ईईएफ-३. अमिनो आम्ल वाहून आणणारा टी-आरएनए वापरून झाला की तो बाहेर काढायला ते मदत करतं. माणसाच्या पेशीत ते नसतं, म्हणून बुरशीवर औषधं शोधणाऱ्यांचा त्याच्यावर डोळा आहे. शेवटी ईआरएफ-१ आणि ईआरएफ-३ साखळी सोडवतात.

आता युरिया. मळीत साखर भरपूर, पण यीस्टच्या उपयोगाचा नायट्रोजन कमी. अमिनो आम्लांचा तुटवडा झाला की पेशीतलं जीसीएन-२ हे प्रथिन ईआयएफ-२ वर फॉस्फेट चिकटवतं आणि नव्या प्रथिनांची सुरुवात मंदावते. अ‍ॅलन हिन्नेबुश यांनी यीस्टवरच ही साखळी वर्षानुवर्षं उलगडली. मोजक्या प्रथिनांना मात्र तेव्हाच जोर येतो. कमी पडलेली अमिनो आम्लं बनवण्याची सोय त्यांच्याकडं असते. म्हणून मळीत आधीच युरिया, डीएपी.

उष्णतेचंही तसंच. आंबताना टाकी स्वतःच तापते. अति उष्णता आणि चढतं अल्कोहोल, दोन्हींनी प्रथिननिर्मितीची सुरुवात मंदावते. मिनिटाला दोन हजारवाली पेशी मग जीव वाचवण्याच्या मागं लागते. मामांना ईआयएफ-२ माहीत नाही. "तापलं की यीस्ट रुसतं," एवढंच ते म्हणतात, आणि त्याच्या आत व्हॉल्व्ह सुटलेला असतो.

जादा उतारा देणाऱ्या यीस्टच्या जाहिराती लॅबच्या टेबलावर पडून होत्या. वाण चांगलं हवं, हे खरंच. पण रात्रपाळीला सगळ्या टाक्या मामांच्या एकट्याच्या अंगावर असतात. भारी यीस्टही तापलेल्या टाकीत हात आखडतंच. पुढच्या हंगामात पैसा कुठं घालायचा असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, पाकीट नंतर घ्या, आधी मामांच्या पाळीला एक जोडीदार द्या.