टंगस्टन कार्बाइडचे चूर्ण आणि चक्कीची झीज

१९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडचे चूर्ण कोबाल्टने सांधण्याची कृती सिद्ध केली. पोलाद कापणाऱ्या हत्यारांचे स्वरूप तिने पालटून टाकले. या हत्यारांचा कस मूळ चूर्णाच्या कणांवर ठरतो. म्हणून चूर्णनिर्मितीच्या प्रश्नास महत्त्व आहे.

रूढ कृतीत टंगस्टनचे चूर्ण व काजळी यांचे मिश्रण हायड्रोजनच्या वातावरणात सुमारे १,४०० ते १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. संयुग बनते खरे. परंतु त्या उष्णतेत कणही वाढतात, आणि भरड कणांच्या हत्याराचा कठीणपणा उणावतो.

उच्च ऊर्जेच्या बॉल मिलमध्ये हेच कार्य उष्णतेऐवजी आघाताने साधतात. ग्रहगतीच्या चक्कीत पात्र स्वतःभोवती एका दिशेने फिरते, तर ते जिच्यावर बसविलेले असते ती तबकडी विरुद्ध दिशेने फिरते. आतील गोळे परस्परांवर आदळतात. त्यांच्या चिमटीत सापडलेले कण चपटे होतात, चिकटतात आणि पुन्हा फुटतात. टंगस्टन व कार्बन यांचे थर उत्तरोत्तर पातळ होतात, कार्बनच्या अणूंचा मार्ग आखूड होतो, आणि स्फटिकांतील दोषांमुळे तो सुकरही होतो. कित्येक तासांच्या, प्रसंगी शंभराहून अधिक तासांच्या दळणाने नॅनोमीटरांत मोजण्याइतके सूक्ष्म स्फटिक मिळतात. हवेचा संसर्ग टाळण्यासाठी पात्रात आर्गॉन भरतात.

तथापि, जात्याला नवी टाकी लावली की पहिल्या पिठात कच उतरते, हा घरोघरचा अनुभव येथेही चुकत नाही. येथे तर दळले जाणारे द्रव्य दळणाऱ्या पोलादाहून कठीण असते. दळण जितके लांबते, तितके चूर्ण सूक्ष्म होते. पण तितकेच लोहही त्यात मिसळते. या संयुगात कार्बनचे प्रमाण वजनाने ६.१३ टक्के असावे लागते. ते उणे पडल्यास ठिसूळ संयुगे बनतात, अधिक झाल्यास ग्रॅफाइट मोकळे राहते. पुढील तापनात लोह टंगस्टन व कार्बन यांच्याशी संयोग पावून हा तोल आणखी बिघडविते.

यावर दोन उपाय आहेत. मोकळे लोह आम्लाने धुऊन काढता येते. किंवा गोळे व पात्राचे अस्तर टंगस्टन कार्बाइडचेच वापरता येते. मग झिजून उतरलेला अंश परका राहत नाही; त्यातील कोबाल्टही पुढे सांधणीस लागणाराच असतो. म्हणून केवळ कणांची सूक्ष्मता सांगून भागत नाही. गोळे कशाचे होते, चूर्णाशी त्यांचे प्रमाण किती होते, दळण किती तास चालले आणि अखेर लोह व कार्बन किती आढळले, हे सांगितल्यावाचून चूर्णाची परीक्षा पुरी होत नाही.