सरोवरांच्या काठाकाठाने

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या माणसाने बर्फाचे वर्णन केलेच पाहिजे, असा आपल्याकडे एक संकेत पडून गेला आहे. वाचकांची आम्ही आधीच क्षमा मागतो. आम्ही बर्फाच्या वाटेला गेलोच नाही.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेला उन्हाळी सुट्टी लागताच, खात्याचे अनापत्ती प्रमाणपत्र खिशात घालून आम्ही उभयतां इंदूरहून निघालो ते झुरिकजवळच्या विंटरथूर या गावी, लेकीच्या घरी. लेक-जावई दोघांनाही तेथे नोकरी लागून दहा वर्षे झाली. आठवडाभर नातवाचे कौतुक झाल्यावर लेकीने आपली लहानशी मोटार आमच्या हवाली केली आणि म्हणाली, "अकरा दिवस दोघंच फिरून या. घाई करू नका."

मोटार चालविते ती आमची सौभाग्यवती. आम्ही जन्मभर स्कूटरच्या पलीकडे गेलो नाही. ती मात्र बँकेत असताना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. तेव्हा सुकाणू तिच्या हाती आणि नकाशा व यादी आमच्या हाती, अशी कामाची वाटणी झाली. यादी हा आमचा जुना रोग आहे. तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या. कोणत्या ठिकाणी किती मिनिटे, हे लिहिल्याशिवाय आमचे पाऊल उचलत नाही.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आम्ही "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करीत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, देवळात बसल्यासारखे गप्प बसा पाहू." गावात ताशी ५०, गावाबाहेर ८० आणि महामार्गावर १२० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना काचेवर डकवलेला होता, परंतु शक्य तोवर महामार्गावर चढायचेच नाही, असे तिने ठरविले. गाडी उभी करण्याची तऱ्हा आम्हांस फार आवडली. निळ्या रेघांच्या जागेत थांबलात की कागदी तबकडीवर आल्याची वेळ लावून ती काचेमागे ठेवायची; तासाभराची मोकळीक मिळते. आपल्या वेळेची साक्ष आपणच द्यायची! लुसर्नला आम्ही ती लावण्यास विसरलो आणि परत येतो तो काचेवर दंडाची चिठ्ठी. शिस्तीवर भाषणे देण्यात आमचे आयुष्य गेले, हे तिने त्या वेळी बोलून दाखविले नाही. ती हसली मात्र.

लुसर्नचा लाकडी पूल चौदाव्या शतकातला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली, छताखालची बहुतेक जुनी चित्रे जळाली. पुढल्याच वर्षी पूल पुन्हा उभा राहून लोक त्यावरून चालू लागले. यादीत पुलासाठी वीस मिनिटे होती. सौभाग्यवती सरोवराकाठच्या बाकावर तासभर बसली. मधूनच आमच्याकडे पाही, काही बोलेल असे वाटे, आणि आम्ही घड्याळ पाहताच उठे.

तेथून १,००८ मीटर उंचीचा ब्रुनिग घाट उतरून आम्ही ब्रीएन्झच्या सरोवराशी आलो. या पाण्याचा रंग सांगणे कठीण आहे. मोरपंखी म्हणावे तर त्यात दुधाचा अंश दिसतो. हिमनद्या खडकाला घासत उतरतात, त्या घर्षणाने दगडाची अतिसूक्ष्म पिठी होते, ती पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश असा विखुरते. पलीकडे थुनचे सरोवर, मध्ये इंटरलाकन. नावाचा अर्थच मुळी 'सरोवरांच्या मधले'. तेथे आपल्या चित्रपटवाल्या यश चोप्रांचा पुतळा २०१६ मध्ये उभारला आहे. त्यापुढे छायाचित्रे काढणाऱ्या आपल्या देशबांधवांची एवढी दाटी होती की आम्हांस सराफ्याची आठवण झाली. आम्ही थांबलो नाही.

ब्रीएन्झच्या काठी एका वृद्ध बाईंच्या घरी दोन खोल्या भाड्याने मिळत, तेथे उतरलो. वहीत नोंद करण्यासाठी त्यांनी आमची पारपत्रे मागितली. 'जन्मस्थान' या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "इंदूर हे तुमचे गाव का?" आम्ही सांगितले, जन्म तेथला, पण आडनावातले गाव वेगळे, ते सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठी आहे, आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीसाठी माळव्यात आले, त्यास पाच-सहा पिढ्या लोटल्या. "मग तुम्ही ते गाव पाहिले आहे?" आम्ही जरा ओशाळलो. एकदाच, १९९१ साली, एस.टी.च्या खिडकीतून.

बाई उठल्या आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन आल्या. त्यावर जन्मस्थान नव्हतेच. त्या जागी होते मूळगाव: लांगनाऊ. स्वित्झर्लंडच्या पारपत्रावर आणि ओळखपत्रावर माणूस कोठे जन्मला हे लिहीत नाहीत, त्याचे घराणे कोणत्या गावचे हे लिहितात. पूर्वी कोणी कंगाल झाला तर त्याच्या मूळगावाने त्याचा सांभाळ करावा, अशी तेथे रीत होती. या बाईंचा जन्म ब्रीएन्झचा, वडिलांचा थुनचा. लांगनाऊला त्या लग्नापूर्वी एकदा गेल्या होत्या. "पाऊस होता," एवढेच त्यांना आठवत होते.

आम्हांस या माहितीने फार आनंद झाला. आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारा आपला समाज आणि हे आल्प्समधले लोक यांचे काही गोत्र जुळते असे वाटून, निजेपर्यंत आम्ही त्यावर व्याख्यान दिले. सौभाग्यवतीने एकच प्रश्न विचारला: "बाहेरून येऊन जे इथले होतात, त्यांचं मूळगाव कोणतं लिहितात हो?" सकाळी बाईंना विचारले. ज्या गावाने नागरिक करून घेतले, ते.

बर्नमध्ये कमानींच्या छायेतून दोन तास हिंडून आम्ही इव्हर्दोंला पोहोचलो. हे गाव यादीत आम्ही स्वतःसाठी घातले होते. संपूर्णपणे स्वित्झर्लंडच्याच हद्दीत असलेले सर्वांत मोठे सरोवर ते नशातेलचे. त्याच्या दक्षिण टोकाला इव्हर्दोंचा चौबुरुजी किल्ला आहे. १८०५ ते १८२५ या काळात पेस्टालॉझीची शाळा याच किल्ल्यात भरत असे. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल येथेच काही काळ राहून शिकला. डोके, हृदय आणि हात हे पेस्टालॉझीचे तीन शब्द आम्ही बी. एड्. च्या परीक्षेत लिहिले आणि पुढे शेकडो शिक्षकांना सांगितले. किल्ल्यासमोर त्याचा पुतळा आहे, जवळ दोन मुले. ही शाळा शेवटी शिक्षकांच्या आपसांतील भांडणांनी मोडली, हे आम्ही परीक्षेत कधी लिहिले नव्हते.

त्या संध्याकाळी सरोवराकाठच्या बोरूच्या बेटाजवळ बसलो असता सौभाग्यवती म्हणाली, "सहा दिवस सांगेन म्हणते. तुम्ही यादी वाचता आणि माझा शब्द तोंडातच राहतो. लेक इथलं नागरिकत्व घेते आहे. दहा वर्षांची अट भरली, भाषेची परीक्षाही झाली. तुम्हांला सांगायला ती घाबरते."

आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचे स्वीकारले की भारताचे पारपत्र परत करावे लागते. हे आम्हांस ठाऊक होते. आणि इंदूरच्या घराचा वरचा मजला आम्ही त्याच वर्षी लेक-जावई परत येतील म्हणून बांधावयास काढला होता, हे दोघींनाही ठाऊक होते.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

आम्ही उठून पाण्याच्या कडेने बरेच लांब चालत गेलो. परतलो तेव्हा ती त्याच जागी होती. त्या रात्री आम्ही यादी काढली नाही.

पुढील दिवस लेमान सरोवराच्या काठी गेले. लोझानच्या पूर्वेस लावोच्या उतारावर द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. शतकानुशतके माणसांनी हातांनी रचलेल्या या मळ्यांना २००७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. सरोवराच्या टोकाशी व्हिलनव्ह येथे डिसेंबर १९३१ मध्ये महात्माजी रोमाँ रोलाँ यांचे पाहुणे होते आणि रोलाँनी त्यांना पियानोवर बीथोव्हेन ऐकविला होता. लोझानमध्येच २८ फेब्रुवारी १९३६ रोजी कमला नेहरूंनी देह ठेवला. आणि सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, जिनिव्हात, श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये वारले. टिळकांच्या शिफारशीवरून तरुण सावरकरांना विलायतेची शिष्यवृत्ती देणारे ते हेच. त्यांच्या अस्थी त्या गावच्या स्मशानभूमीत त्र्याहत्तर वर्षे राहिल्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी नेल्या. एकशेचाळीस मीटर उंच उडणारे जिनिव्हाचे कारंजे पाहताना आमचे लक्ष तेथेच लागून राहिले होते. सौभाग्यवतीने ते ओळखले. "ते देशाबाहेर काढलेले लोक होते," ती म्हणाली. "आपली लेक कामाला आली आहे. तुमचे खापरपणजोबा आले तशी."

आम्ही उत्तर दिले नाही. खापरपणजोबांच्या वडिलांना काय वाटले असेल, याचा विचार मात्र त्या दिवशी प्रथमच आमच्या मनात आला.

विंटरथूरला पोहोचलो तेव्हा लेक दारात उभी होती. तिने आधी आईकडे पाहिले, मग आमच्याकडे. पोर लहानपणी निकालाच्या दिवशी अशीच उभी राहत असे. काय बोलावे ते सुचेना. मुख्याध्यापकाच्या तोंडून शेवटी कागदपत्रांचीच गोष्ट निघाली. आम्ही विचारले, "जन्मदाखल्याची नवी प्रत लागत असेल ना? जुन्यावर तुझ्या आजीचे नाव चुकून आईच्या रकान्यात पडले आहे, ते आधी दुरुस्त करावे लागेल." ती रडू लागली. नातवाला काहीच न समजून त्यानेही सूर लावला.

जूनमध्ये परतल्यावर आम्ही नगर निगमच्या चार खेपा केल्या. दाखला दुरुस्त झाला, त्यावर परराष्ट्र खात्याची मोहोर उमटली आणि तो रवाना झाला. वरच्या मजल्याचे काम आम्ही थांबविलेले नाही. फरशी कोणती घालावी, यावर मात्र घरात अद्याप एकमत नाही.