मधुमेह असेल तर पायाची जखम सांभाळा



मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याणच्या खेड्यांत जुलै उजाडला की लावणीची धांदल सुरू होते. दिवसभर खाचरात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचेच्या भेगा उलतात. चार दिवसांत बरे होते, असा आपला अनुभव. पण घरात कोणाला साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह असेल, तर हीच चिखली पायावर बेतू शकते.

मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले. ते बायकोने पाहिले. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. "दुखत नाही, तर जखम कसली?" असे म्हणून तो आणखी आठ दिवस चिखलात उतरला. शेवटी पाय वाचला, पण दोन बोटे गेली.

असे का होते?

भातावरचा जिवाणूजन्य करपा तुम्हाला ठाऊक आहे. रोपांचे शेंडे तुटले की त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात आणि नत्र जास्त झालेल्या पिकात रोग झपाट्याने पसरतो. पायाचेही तसेच समजा. रक्तात साखर फार दिवस जास्त राहिली की पायाच्या संवेदना नेणाऱ्या नसा बधिर होतात, त्यामुळे काटा मोडला तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्त कमी पोचते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात.

अशा जखमेत स्टॅफिलोकॉकस हा कातडीवरचा जिवाणू शिरतो. ओलाव्यात वाढणारा स्युडोमोनास आणि आतड्यातले ई. कोलाय, क्लेबसिएला हेही सापडतात. जखम खोल गेली की हवेशिवाय वाढणारे जिवाणू मांस कुजवतात व घाण वास येतो. पुढे हाडही धरते.

ओळखायचे कसे?

सूज, लाली, गरमपणा, दुखणे आणि पू यांपैकी दोन खुणा दिसल्या तरी जंतू लागले असे धरा. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटीमीटरपुढे गेली, बोट काळे पडले किंवा थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चिखलातून लेप्टोसारखे आजारही होतात. म्हणून शेतात उतरला होतात, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

काय करावे?

१. रोज संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे करा. तळवे आरशात बघा, नाही तर घरच्यांना बघायला सांगा.

२. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडके बांधा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालयेही आहेत.

३. जखम भरेपर्यंत चिखलात उतरू नका, त्या पायावर भारही देऊ नका.

४. साखर तपासून आटोक्यात ठेवा. बिडी-तंबाखू सोडा.

काय करू नये?

जखमेवर चुना, तंबाखू, शेण किंवा रॉकेल लावू नका. पाय गरम पाण्याने शेकू नका; बधिर पाय भाजला तरी कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. अनवाणी फिरू नका.

दुकानातून मनाने गोळ्या आणू नका. एकच औषध कमी मात्रेत वारंवार फवारले की कीड त्याला दाद देत नाही. जिवाणूंचेही तेच आहे. जंतू लागले नसतील तर या गोळ्यांचा उपयोग नसतो. लागले असतील तर डॉक्टर जखम साफ करून आतला नमुना तपासायला पाठवतात व कोणते औषध लागू पडेल ते ठरवतात. दिलेल्या गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्या.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. त्यात आपली खेडीही आली. तेव्हा लावणीपूर्वी एकदा साखर तपासून घ्या. जखम असलेल्या माणसाला यंदा बांधावर बसवा आणि त्याची लावणी सावडीने उरका. लावणी सावडीने होते. गेलेला पाय सावडीने मिळत नाही.