नीरेलाही आवर्तन हवं

भाटघर धरण भरलं की बातमी ठरलेली असते. शंभर टक्के साठा, स्वयंचलित दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. या बातमीत नदी येते ती फक्त धोका म्हणून. पावसाळा सरला, विसर्ग थांबला, की नीरा बातम्यांतून नाहीशी होते आणि वीर धरणाच्या खाली बऱ्याच अंशी पात्रातूनही. नदी सुधारायची म्हटलं की घाट, पायवाटा, दिवे, बाकडी यांचे आराखडे पुढे येतात. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठासाठी तेच चाललं आहे. नीरेचं नशीब मात्र काठावर ठरत नाही, ते भाटघर आणि वीरच्या दरवाजांवर ठरतं.

1876-77च्या दुष्काळानंतर नीरेवर कालव्याचं काम सुरू झालं आणि 1885 मध्ये डावा कालवा वाहू लागला. त्याला पाणी पुरावं म्हणून भोर संस्थानात वेळवंडी नदीवर आधी एक लहान धरण झालं आणि 1927 मध्ये आजचं भाटघर, म्हणजे तेव्हाचं लॉइड धरण. गंमत अशी की भाटघरच्या पाण्याला तिथून कालवा नाही. ते नदीतूनच वीरपर्यंत जातं आणि तिथे डाव्या-उजव्या कालव्यात शिरतं. म्हणून भाटघर ते वीर हा नीरेचा पट्टा उन्हाळ्यातही ओला असतो. शेतीचं पाणी नदीतून नेलं तर नदीही जगते, हे आपल्याच खोऱ्यात शंभर वर्षं दिसतं आहे.

वीरच्या खाली चित्र पालटतं. भोरच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस, तर फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरस या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. नदीला खरा आधार हवा तिथेच तिचं पाणी काढून घेतलेलं. उरतात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकले की साचलेलं, हिरवट पाणी. बर्गे काढले की खडक आणि वाळू उपसून झालेले खड्डे. करंज, उंबर, वाळुंज, शेरणी ही नदीकाठची झाडं-झुडपं वाहत्या पाण्याच्या ओलीवर वाढतात. ती गेली की काठ धरून ठेवणारी मुळं जातात, आणि पुढचा पूर माती घेऊन जातो.

पूर तर येणारच. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री नीरेची उपनदी कऱ्हा अशी फुगली की बारामतीत माणसं हलवावी लागली. त्याच कऱ्हेचं खोरं टँकरसाठी ओळखलं जातं. कोरड्या मुलखातली नदी दोन टोकांची असते, आणि वर्षभर कोरड्या दिसणाऱ्या पात्रात अतिक्रमण करायला माणूस धजावतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नकाशावर असतात, पात्रात मात्र पत्र्याची शेड उभी राहते.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराची कहाणी नीरेशी थक्क व्हावं इतकी जुळते. तिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. सॉल्ट नदीवर 1908 मध्ये ग्रॅनाइट रीफ हा बंधारा झाला आणि त्याने नदीचं पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवलं, अगदी आपल्या वीरसारखं. 1911 मध्ये वर रूझवेल्ट धरण झालं. शहरातलं पात्र वाळू-खडीच्या खाणी आणि कचऱ्याचं आगार बनलं. मग 1980च्या फेब्रुवारीत महापूर आला आणि शहरातले बहुतेक पूल निकामी झाले. त्यानंतर त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पुरासाठी रूझवेल्ट धरणाचीच उंची 77 फुटांनी वाढवली; ते काम 1996 मध्ये संपलं. आणि 2005 मध्ये पाच मैलांच्या पात्रात नदीकाठचं वन उभं केलं. मधे लहान प्रवाह, कडेला विलो आणि कॉटनवूड, लोकांसाठी पायवाटा. पाणी मात्र विहिरींतून उपसून सोडावं लागतं, कारण नदीतलं सगळं पाणी आधीच वाटून झालेलं. तिथे आज दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. मला त्या प्रकल्पाचं कौतुक आहे, पण विहिरीच्या पाण्यावर नदी चालवायची वेळ आपल्यावर येऊ नये.

ती टाळता येईल का, याचा हिशेब करून पाहू. भाटघर साडेतेवीस टीएमसी. नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी धरली की चार धरणांचा साठा 48 टीएमसीच्या घरात. वीरखाली आठ महिने सतत शंभर क्युसेक सोडले तर लागतात दोन टीएमसींहून थोडं जास्त. म्हणजे साठ्याच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास. गंगेसाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. नीरेसाठी तसा आग्रह धरायला काय हरकत आहे?

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची किती आणि उन्हाळी किती आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, हे ठरतं. त्या यादीत नदीच्या आवर्तनाची एक ओळ यावी. ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरा गावी, तुकाराम महाराजांच्या पादुकांना सराटीत नीरा स्नान घालतात. पाऊस लांबलेल्या वर्षी सराटीत त्यासाठी टँकर आणावा लागला आहे. विरंगुळ्याच्या जागा, पर्यटन वगैरे शब्द आराखड्यांत असू देत. लाखो माणसं पायी येऊन ज्या पाण्याला हात जोडतात, ते पाणी पात्रात असणं हा या नदीचा पहिला लोकोपयोग आहे.

आणि धरणाच्या वरचं काय? उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरतं, वेळवंडचं नागेश्वराचं आणि कांबऱ्याचं मंदिर उघडं पडतं, कॅमेरे पोचतात. त्याच दिवसांत जलाशयाकाठची गावं हंडे घेऊन पाणी शोधत असतात. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, यांनी जमिनी दिल्या, पाणी खाली गेलं. खालच्या नदीसाठी दोन टीएमसी मागताना या गावांच्या पिण्याच्या पाण्याची तरतूद आधी झाली पाहिजे. नाहीतर त्यांच्यावर तोच अन्याय पुन्हा होईल.

हे पाणी कुणाच्या तरी उसातून निघणार, हे लपवण्यात अर्थ नाही. विरोध होईल. पण नीरा कालव्यांच्या अस्तरीकरणाला इथल्याच शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण कालव्याच्या झिरप्यावर त्यांच्या विहिरी चालतात. वाहतं पाणी जमिनीला काय देतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. वीर ते नरसिंहपूर, भीमेच्या संगमापर्यंत, नदी आठ महिने वाहिली तर तिच्या दोन्ही काठांच्या विहिरींनाही तोच झिरपा मिळेल. ऊस ठिबकवर नेऊन वाचलेल्या पाण्यातला नदीचा वाटा याच हिशेबाने मागायला हवा, आणि तो रब्बीचं आवर्तन ठरण्याआधी मागायला हवा.